शेततळ्यातले पाणी जाते कुठे? बाष्पदाबाचा साधा हिशेब

मार्च ते मे या तीन महिन्यांत मराठवाड्यातील उघड्या शेततळ्यांमधून पाण्याचा मोठा वाटा पिकाच्या मुळाशी न पोहोचता थेट हवेत जातो. ही गळती डोळ्यांना दिसत नाही. मात्र अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील वायूंचे नियम हाताशी घेतले, तर तिचे मोजमाप करता येते आणि ती कमी कशी करावी, याची दिशाही सापडते.

जालना तालुक्यातील कडवंची हे गाव पाणलोट विकासाच्या कामासाठी राज्यभर ओळखले जाते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाखाली आणि खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाने येथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत मृद व जलसंधारणाची कामे झाली. त्यानंतर गावाच्या शिवारात शेकडो शेततळी उभी राहिली. सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि तोही बेभरवशाचा असलेल्या या जिल्ह्यात द्राक्षबागा फुलल्या, त्या या शेततळ्यांच्या आणि ठिबक सिंचनाच्या बळावर. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आणली आणि शेततळे हा शब्द शहरी वाचकांच्याही परिचयाचा झाला.

शेततळ्याच्या तळाला व बाजूंना प्लास्टिकचे अस्तर अंथरले, की जमिनीत मुरणारे पाणी थांबते. वरची बाजू मात्र उघडीच राहते. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे पाण्याची सर्वाधिक गरज असते नेमक्या त्याच वेळी, हवा त्या उघड्या पृष्ठभागावरून पाणी उचलत असते. ती किती पाणी उचलते, याचे उत्तर ज्या राशीत दडलेले आहे, तिला ‘बाष्पदाब’ म्हणतात.

बाष्पदाब म्हणजे काय?

द्रवाचे रेणू सतत हालचाल करत असतात. त्यांतील काही रेणूंची गती इतकी असते, की ते शेजाऱ्यांचे आकर्षण तोडून पृष्ठभागाबाहेर निसटतात. भांडे बंद असेल तर बाहेर पडलेले काही रेणू पुन्हा द्रवात परततात. काही वेळाने अशी स्थिती येते, की जितके रेणू बाहेर पडतात तितकेच आत येतात. या समतोलाच्या अवस्थेतील वाफ भांड्याच्या भिंतींवर जो दाब देते, तो त्या द्रवाचा त्या तापमानाला असणारा संपृक्त बाष्पदाब होय.

या व्याख्येतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, बाष्पदाब द्रवाच्या प्रमाणावर अवलंबून नसतो. घागरभर पाणी असो वा तलावभर, तापमान तेच असेल तर बाष्पदाबही तोच. दुसरी, वर हवा आहे की निर्वात पोकळी आहे, याने त्यात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन आपापला दाब देतात आणि वाफ आपला दाब वेगळा देते. एकूण दाब म्हणजे या सर्वांची बेरीज. हा आंशिक दाबांचा नियम इंग्लंडमधील मँचेस्टर येथील शास्त्रज्ञ जॉन डाल्टन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी मांडला. डाल्टन यांना अणुसिद्धांताचे जनक म्हणून जग ओळखते. मात्र त्यांचे आयुष्यभराचे वेड हवामानाचे होते. १७८७ पासून १८४४ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते हवामानाची नोंदवही लिहीत राहिले. पावसाचे पाणी जाते कुठे, हा प्रश्न त्यांनाही पडला होता.

वायूच्या नियमांनी बाष्पदाब कसा काढतात?

वायूचा दाब, आकारमान, तापमान आणि प्रमाण यांचा संबंध सांगणारे समीकरण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ‘पीव्ही = एनआरटी’ या नावाने पाठ असते. दाब गुणिले आकारमान बरोबर मोलसंख्या गुणिले वायुस्थिरांक गुणिले केल्विनमधील तापमान, असा त्याचा अर्थ. पाण्याची वाफ हाही एक वायूच आहे. नेहमीच्या तापमानाला तिचा दाब इतका कमी असतो, की ती जवळजवळ आदर्श वायूसारखी वागते. त्यामुळे हे समीकरण तिला निर्धास्तपणे लावता येते.

यावर आधारलेला प्रयोग सोपा आहे. पाण्याने भरलेले भांडे आधी काळजीपूर्वक तोलून घ्यायचे. त्यातून पूर्ण कोरडी हवा अगदी सावकाश, बुडबुड्यांच्या रूपाने सोडायची. प्रत्येक बुडबुडा पाण्यातून वर येताना वाफेने संपृक्त होतो. बाहेर पडणाऱ्या या ओल्या हवेचे आकारमान मोजायचे आणि शेवटी भांडे पुन्हा तोलायचे. वजनात जी घट आली, तेवढे पाणी वाफ होऊन हवेबरोबर गेले.

उदाहरणार्थ, तापमान २५ अंश सेल्सिअस आहे, बाहेर पडलेली संपृक्त हवा १०० लिटर भरली आणि पाण्याचे वजन २.३० ग्रॅमने घटले, असे समजू. पाण्याचा रेणूभार १८.०२ आहे. म्हणून,

वाफेची मोलसंख्या = २.३० ÷ १८.०२ = ०.१२७६

तापमान = २५ + २७३ = २९८ केल्विन

वायुस्थिरांक = ६२.३६ (आकारमान लिटरमध्ये व दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये घेतल्यास)

बाष्पदाब = ०.१२७६ × ६२.३६ × २९८ ÷ १०० = २३.७ मिलिमीटर

प्रमाणित कोष्टकांत २५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब २३.८ मिलिमीटर दिलेला असतो. एक तराजू, एक तापमापक आणि आकारमान मोजण्याची सोय, एवढ्या सामग्रीवर हे उत्तर मिळते.

येथे विद्यार्थ्यांची एक चूक हमखास होते. आत सोडलेल्या कोरड्या हवेचे आकारमान आणि बाहेर येणाऱ्या ओल्या हवेचे आकारमान एकच धरले जाते. वाफ मिसळल्याने हवा फुगते. एकूण दाब वातावरणाइतकाच राहिल्यास २५ अंशांना हा फुगवटा सुमारे तीन टक्के असतो आणि तेवढीच चूक उत्तरात उतरते. कोरड्या हवेचेच आकारमान माहीत असेल, तर आधी तिची मोलसंख्या काढावी. एकूण मोलसंख्येत वाफेचा जेवढा हिस्सा, तेवढाच एकूण दाबात बाष्पदाबाचा हिस्सा, या डाल्टन यांच्या नियमाने मग उत्तर काढता येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असलेली बरी. वायूचे समीकरण बाष्पदाब स्वतःहून सांगत नाही. ते मोजलेल्या वजनाचे रूपांतर दाबात करते, किंवा माहीत असलेल्या दाबावरून हवेत किती पाणी मावेल हे सांगते. बाष्पदाब मुळात किती असावा, हे त्या द्रवाच्या रेणूंमधील आकर्षण आणि तापमान ठरवते. पाण्यापेक्षा स्पिरिट वा पेट्रोल लवकर उडून जाते, ते याच कारणाने.

तापमान चढते तसा दाब वाढतो

बाष्पदाब तापमानाबरोबर वाढतो, पण सरळ रेषेत नव्हे. पाण्याचा बाष्पदाब २० अंशांना १७.५, ३० अंशांना ३१.८ आणि ४० अंशांना ५५.३ मिलिमीटर असतो. म्हणजे या टप्प्यात दर दहा अंशांना तो सुमारे पावणेदोन पट होतो. १०० अंशांना तो ७६० मिलिमीटरवर, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाच्या बरोबरीला पोहोचतो आणि पाणी उकळू लागते. जालना शहर समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने तेथे हवेचा दाब थोडा कमी असतो. त्यामुळे तेथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या जरा वर उकळते.

आता एका खोलीचा हिशेब पाहू. चार मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशा खोलीत ३६ घनमीटर, म्हणजे ३६ हजार लिटर हवा असते. ४० अंशांना या हवेत जास्तीत जास्त किती पाणी वाफेच्या रूपात राहू शकेल? ५५.३ ला ३६ हजारांनी गुणून, ६२.३६ व ३१३ यांच्या गुणाकाराने भागले, की सुमारे १०२ मोल, म्हणजे जवळजवळ १८४० ग्रॅम पाणी येते. अगदी कोरड्या हवेच्या अशा बंद खोलीत दोन लिटर पाण्याचे घमेले ठेवले आणि तापमान ४० अंशांवर कायम राखले, तर एक लिटर ८४० मिलिलिटर पाणी उडेल आणि उरलेले घमेल्यातच राहील. तेथून पुढे कितीही दिवस वाट पाहिली, तरी पातळी हलणार नाही.

जालन्याची हवा तहानलेली का?

तलावावर छप्पर नसते आणि हवा कधीही संपृक्त होत नाही. म्हणून बाष्पदाबाइतकेच महत्त्व येते ते हवेत आधीपासून असलेल्या वाफेच्या दाबाला. सापेक्ष आर्द्रता २० टक्के, याचा अर्थ हवेतील वाफेचा दाब त्या तापमानाच्या संपृक्त दाबाच्या एकपंचमांश एवढाच आहे.

मे महिन्यातील दोन दुपारी शेजारी शेजारी ठेवून पाहू. जालन्यात तापमान ४० अंश आणि आर्द्रता २० टक्के आहे. मुंबईत तापमान ३३ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के आहे. जालन्याच्या हवेत ५५.३ मिलिमीटर दाबाची वाफ मावू शकते, पण प्रत्यक्षात आहे ११.१ मिलिमीटर. तूट ४४.२ मिलिमीटरची. मुंबईत ३३ अंशांना संपृक्त दाब ३७.७ मिलिमीटर आणि प्रत्यक्ष दाब २४.५ मिलिमीटर. तूट केवळ १३.२ मिलिमीटरची. म्हणजे त्या दुपारी जालन्याच्या हवेची तहान मुंबईच्या तिपटीहून अधिक भरते. वरच्याच खोलीत जालन्याची हवा आणखी जवळजवळ दीड लिटर पाणी सामावून घेऊ शकते, तर मुंबईची हवा अर्धा लिटरही नाही.

या तुटीचे परिणाम रोजच्या जगण्यात दिसतात. जालन्यात वाळ्याचा कूलर खोली थंड करतो, मुंबईत तो नुसताच दमटपणा वाढवतो. वरील आकड्यांनुसार केवळ बाष्पीभवनाने जालन्याची हवा ओल्या पडद्यातून जाताना २२ अंशांपर्यंत खाली आणता येते. मुंबईत मात्र २७ अंशांच्या थोडे वरच थांबावे लागते. माठातील पाण्याचेही तेच. बियाणे उद्योगाला तर कोरडी हवा मित्रासारखी वाटते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ची स्थापना केली आणि पुढे हे शहर बियाण्यांची बाजारपेठ म्हणून देशभर गाजले. बियाण्यातील ओलावा सभोवतालच्या वाफेच्या दाबाशी जुळवून घेत असतो. हवा जितकी कोरडी, तितके बी कोरडे आणि तितकी त्याची उगवणक्षमता अधिक काळ टिकते. मात्र जी हवा गोदामात बी राखते, तीच शिवारात पाणी पळवते.

दाबापासून मिलिमीटरपर्यंत

बाष्पीभवनाचा वेग कशावर ठरतो, याचेही उत्तर डाल्टन यांनीच दिले. पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाला असणारा संपृक्त बाष्पदाब आणि वरच्या हवेतील वाफेचा प्रत्यक्ष दाब, या दोहोंतील फरकाच्या प्रमाणात पाणी उडते. त्याला वाऱ्याची जोड मिळाली, की वेग वाढतो. कारण पृष्ठभागालगत साचलेली ओली हवा वारा दूर नेतो आणि तिच्या जागी नवी, कोरडी हवा आणून ठेवतो.

येथे हवेचे नव्हे, तर पाण्याच्या पृष्ठभागाचे तापमान महत्त्वाचे आहे. दुपारी हवा ४० अंशांवर असली, तरी तळ्याचा पृष्ठभाग त्याहून थंड असतो, कारण उडून जाणारे पाणी आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. तळ्याची पातळी एका दिवसात आठ मिलिमीटरने उतरली, तर प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेपाच युनिट विजेइतकी ऊर्जा खर्ची पडलेली असते. ती पुरवतो प्रामुख्याने सूर्य. ऊर्जेचा हा हिशेब आणि डाल्टन यांचा दाबांतील फरकाचा नियम एकत्र बांधण्याचे काम ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ मध्ये केले. पिकांची पाण्याची गरज ठरवण्याच्या आजच्या पद्धती त्याच पायावर उभ्या आहेत.

हवामान केंद्रांवर प्रत्यक्ष मोजणीसाठी सुमारे १२२ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोलीचे उघडे पात्र ठेवलेले असते. त्यातील पाण्याची पातळी रोज किती उतरली, याची नोंद घेतली जाते. लहान पात्र चहूबाजूंनी तापत असल्याने त्यातून पाणी अधिक उडते. म्हणून मोठ्या जलाशयासाठी त्या आकड्याला सर्वसाधारणपणे ०.७ ने गुणतात. पात्रात साडेअकरा मिलिमीटर घट झाली, तर तळ्यात सुमारे आठ मिलिमीटर, असा हा हिशेब आहे.

एका शेततळ्याचा ताळेबंद

‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि तीन मीटर खोल हा मोठा आकार होता. बाजूंना उतार असल्याने तळाशी तो २४ मीटर बाय २४ मीटर भरतो, असे धरू. अशा तळ्यात २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते.

१ मार्चला हे तळे काठोकाठ भरलेले आहे आणि रोज सरासरी आठ मिलिमीटर पाणी उडते, असे समजू. ३१ मेपर्यंतच्या ९२ दिवसांत पातळी सुमारे ७४ सेंटिमीटरने उतरेल. पातळी उतरताना पृष्ठभाग थोडा आक्रसतो, हे ध्यानात घेतले तरी सुमारे ६ लाख ३० हजार लिटर पाणी हवेत जाते. हा एकूण साठ्याच्या पाव भागाहून मोठा वाटा झाला. दहा हजार लिटरच्या टँकरच्या भाषेत सांगायचे, तर ६३ टँकर.

या आकड्याचे मोल २०१२-१३ च्या दुष्काळाने दाखवून दिले. त्या वर्षी जालना हा राज्यातील सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. मोसंबीच्या बागा वाचवण्यासाठी शेतकरी विकतच्या टँकरने पाणी घालत होते आणि तेही न जमल्याने अनेक बागा वाळल्या. फळझाड वाढवण्यात गेलेली वर्षे एका उन्हाळ्यात हातची जातात, तेव्हा प्रत्येक टँकर मोजावा लागतो. शेततळे पावसाच्या पाण्याऐवजी विहिरीतून वा कूपनलिकेतून उपसलेल्या पाण्याने भरले असेल, तर नुकसान दुहेरी ठरते. भूगर्भात सूर्य आणि वारा यांच्यापासून सुरक्षित असलेले पाणी वीज खर्चून वर आणायचे आणि उन्हात पसरून ठेवायचे, असा तो व्यवहार होतो.

मोठ्या जलाशयांत हेच गणित कितीतरी मोठे होते. जालना शहराला ज्या जायकवाडी धरणातून जलवाहिनीने पाणी मिळते, त्या नाथसागराचा विस्तार पूर्ण भरल्यावर सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटर असतो. उन्हाळ्यात तो दोनशे चौरस किलोमीटरवर आला असे धरले, तरी रोज आठ मिलिमीटर याप्रमाणे १६० कोटी लिटर पाणी दिवसाला हवेत जाते.

उपाय कोणते?

डाल्टन यांच्या नियमात जे घटक आहेत, त्यांतच उपायही आहेत.

पहिला उपाय पृष्ठभागाचे तापमान उतरवण्याचा. समजा पाण्याचा पृष्ठभाग २८ अंशांवर आहे. त्याचा बाष्पदाब २८.३ मिलिमीटर आणि हवेतील वाफेचा ११.१ मिलिमीटर. फरक १७.२ मिलिमीटर. शेडनेटच्या सावलीने पृष्ठभाग तीन अंशांनी थंड झाला, तर बाष्पदाब २३.८ वर येतो आणि फरक १२.७ वर. केवळ तीन अंशांत बाष्पीभवन पाव भागाहून अधिक घटते.

दुसरा उपाय वाऱ्याला अडवण्याचा. वाऱ्याच्या दिशेला झाडांची दाट ओळ किंवा उंच बांध असेल, तर पृष्ठभागावरील ओली हवा टिकून राहते. झाडे मात्र तळ्यापासून योग्य अंतरावर हवीत, अन्यथा मुळे अस्तर फाडतात.

तिसरा उपाय पाणी झाकण्याचा. २०१५ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने आपल्या एका जलाशयावर सुमारे ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे चेंडू सोडले होते. पाण्यातील रासायनिक प्रक्रिया रोखणे हा त्यामागचा मुख्य हेतू होता, पण बाष्पीभवनालाही आळा बसला. सिटाइल अल्कोहोलसारख्या पदार्थाचा एका रेणूच्या जाडीचा थर पसरण्याचा प्रयोगही जुना आहे. शांत हवेत तो उपयोगी पडतो, पण जोराच्या वाऱ्यात थर फाटतो.

चौथा आणि सर्वांत टिकाऊ उपाय भूमितीचा आहे. हवा पाण्याच्या खोलीला नव्हे, पृष्ठभागाला हात घालते. तितकेच पाणी दुप्पट खोलीत साठवले, तर पृष्ठभाग निम्मा होतो आणि गळतीही जवळपास निम्मी. गाळाने भरलेल्या तलावाचे दुखणे हेच असते. त्याचा विस्तार तेवढाच राहतो, खोली मात्र घटते, त्यामुळे साठ्यातील मोठा वाटा हवा नेते. जालना शहरासाठी निझामाच्या राजवटीत बांधलेल्या घाणेवाडी तलावातील गाळ काढण्यासाठी २०१२-१३ च्या दुष्काळाच्या सुमारास नागरिकांनी पुढाकार घेतला. त्या कामाचे महत्त्व केवळ वाढलेल्या साठ्यात नाही. गाळ काढल्याने वाढलेला प्रत्येक लिटर पृष्ठभाग न वाढवता साठतो, म्हणजे बाष्पीभवनाला नवी वाट न देता साठतो.

आणि जेथे शक्य असेल तेथे पाणी जमिनीतच मुरवणे, हा या सर्वांच्या आधीचा उपाय. कडवंचीत शेततळ्यांच्या आधी पाणलोटाची कामे झाली, हा क्रम म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. मातीच्या पोटातील पाण्याला ऊन लागत नाही आणि वारा पोहोचत नाही.

तापमानवाढीच्या काळात हा हिशेब अधिकच गरजेचा आहे. हवेचे तापमान एका अंशाने वाढले, की तिची वाफ सामावून घेण्याची क्षमता सहा ते सात टक्क्यांनी वाढते. हवेतील प्रत्यक्ष वाफ त्या प्रमाणात वाढली नाही, तर तूट, म्हणजेच हवेची तहान, वाढत जाते. शेततळ्याचा खर्च मांडताना खोदकाम, अस्तर आणि कुंपण यांचे आकडे लिहिले जातात. त्याच कागदावर उन्हाळ्यात हवेत जाणाऱ्या पाण्याचाही आकडा लिहायला हवा. तो काढण्यासाठी लागणारे गणित अकरावीच्या विद्यार्थ्यालाही येते.